सातवं उद्दिष्ट

माझ्या वहिनींनी दादाचा विभाग बंद पाडला, असं आमच्या नात्यातले लोक अजूनही म्हणतात. ते खरं नाही, आणि अगदीच खोटंही नाही. मी तेव्हा त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होते. दिवसभर माझं चष्म्याचं दुकान आणि रात्रीचं जेवण खाली त्यांच्याकडे, अशी आमची कित्येक वर्षांची सोय. त्यामुळे झालं ते बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं वहिनींनी सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यात मीठमसाला नसतो.

दोघंही एकाच विद्यापीठात शिकवायची. दादा जुन्या लिप्या शिकवायचा. दगडांवरचे लेख, झिजलेली नाणी, कुरतडलेल्या कागदांची बाडं यांत त्याचा जीव. त्याच्या विभागात शिक्षक दोनच: एक तो, आणि दुसरी एक कंत्राटावरची तरुण बाई. ती चणीने लहान, म्हणून सगळे तिला छोट्या बाई म्हणत. वहिनींचा विषय संख्याशास्त्र. त्यांचा विभाग मोठा, वर्ग भरलेले, आणि दादाच्या भाषेत सांगायचं तर 'दुष्काळ पडला तरी आटणार नाही असा'.

विद्यापीठाला नवे कुलगुरू आले. हे मूळचे धातुशास्त्राचे. आल्या आल्या त्यांनी पाच वर्षांचा आराखडा करायला घेतला. गुळगुळीत कागदावर छापलेली बारा उद्दिष्टं. उत्कृष्टता, समाजाभिमुखता, चैतन्य, असे शब्द होते त्यात. आराखडा छापून झाला, भाषणं झाली, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या उद्दिष्टांच्या दिशेने आपण चाललोय की नाही हे कळणार कसं? कुलगुरूंनी वहिनींना बोलावून नियोजन कक्ष त्यांच्या हाती दिला. चार वर्षांची नेमणूक, शिकवणं अर्ध्यावर.

वहिनींनी पहिल्याच बैठकीत घोडं अडवलं. प्रत्येक उद्दिष्ट वाचून झालं की त्या एकच विचारायच्या, "हे झालं, असं आपण कशावरून म्हणायचं?"

"म्हणजे?" एका अधिष्ठात्यांनी विचारलं.

"म्हणजे आपण समाजाभिमुख झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कशात फरक दिसेल?"

अधिष्ठात्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आपण किती ठिकाणी फलक लावले, ते मोजता येईल."

हे वहिनींनी घरी सांगितलं तेव्हा दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे रोज जेवताना त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय, आज कुणाचं माप काढलंस?" विद्यापीठात त्यांना 'फूटपट्टी' म्हणू लागले होते. ते नाव घरी आणलं दादानेच, आणि मजेत आणलं.

सातवं उद्दिष्ट होतं, 'प्रत्येक विभाग चैतन्यशील असेल'. चैतन्य मोजणं म्हणजे धुकं मुठीत धरण्याचा प्रकार. वहिनींनी खूप डोकं लढवलं आणि अखेर एक साधं माप ठरवलं: गेल्या तीन वर्षांत एका शिक्षकामागे किती विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले. ठरावीक आकड्याच्या वर असेल तो विभाग हिरवा, जवळपास असेल तो पिवळा, फारच खाली असेल तो लाल. सलग तिसऱ्या वर्षी लाल राहिला तर त्याचं दुसऱ्या विभागात विलीनीकरण करायचं की नाही, हे व्यवस्थापन मंडळ ठरवणार. हे माप त्यांनी दारामागे बसून ठरवलं नाही. सगळ्या विभागांना बोलावून खुली सभा घेतली, हरकती मागवल्या. दादा त्या सभेला होता. मागच्या रांगेत बसून त्याने शेजारच्याला एक नाणं दाखवलं, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांबरोबर हात वर केला.

पहिल्या वर्षी तक्ता लागला. सगळीकडे हिरवं, चार-दोन पिवळे ठिपके, आणि एक लाल. लाल होता दादाचा विभाग.

"वा," दादा म्हणाला, "एवढ्या गर्दीत उठून दिसतोय."

दुसऱ्या वर्षीही लालच. तेव्हा मात्र दादा कामाला लागला. त्याने विभागाबाहेर चित्रं लावली, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी व्याख्यान ठेवलं. मुलं आली, माना डोलावल्या, आणि संगणकाच्या विभागात प्रवेश घ्यायला निघून गेली.

छोट्या बाईंनी दुसरी वाट काढली. त्यांनी संध्याकाळचा एक वर्ग सुरू केला, बाहेरच्या लोकांसाठी. जुने कागद, जुन्या पाट्या, थडग्यांवरचे लेख वाचायला शिका. वर्ग गच्च भरला. जमीन मोजणारे आले, वकील आले, निवृत्त परिचारिका आल्या, पणजोबांच्या हातची पत्रं घेऊन एक न्हावी आला. खुर्च्या कमी पडायला लागल्या. पण ते सगळे हौसेने येणारे. पदवी कुणालाच नको होती.

एका संध्याकाळी छोट्या बाई घरी आल्या. दादा बाहेर गेला होता. नेमकी तीच वेळ साधून त्या आल्या असाव्यात. मी भाजी चिरत होते. उठून जाऊ लागले, तर त्याच म्हणाल्या, "बसा ना, काही गुपित नाही." मग वहिनींकडे वळल्या. "मॅडम, माझ्या संध्याकाळच्या वर्गाला एवढे लोक येतात. ते तुमच्या तक्त्यात कुठेच नाहीत?"

"नाहीत," वहिनी म्हणाल्या. "माप पदवीचं आहे."

"पण विभागात जीव आहे की नाही, तेच पाहायचंय ना तुम्हाला? मग तो आहे. येऊन बघा."

"मी येऊन गेले. मागे उभी होते," वहिनी म्हणाल्या. हे मलाही नवीन होतं. "चांगला वर्ग आहे. माप ठरवताना असा वर्ग कुठेच नव्हता, म्हणून तो सुचला नाही. पुढच्या आराखड्यात हे धरायला हवं."

"पुढच्या? आणि आता?"

"आता मध्येच बदललं तर ते एका विभागासाठी बदललं असं होईल. तोही माझ्या नवऱ्याच्या. मग बाकी अकरा उद्दिष्टांवर कोण विश्वास ठेवेल?"

छोट्या बाई चहा तसाच टाकून उठल्या. दारात म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल मॅडम. पण मला त्याचा उपयोग नाही."

तिसऱ्या वर्षीचा तक्ता तयार व्हायच्या आधी कुलगुरूंनी वहिनींना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग म्हणाले, "सातव्या उद्दिष्टात एक छोटी दुरुस्ती सुचतेय. ज्या विभागांचा विषय दुर्मिळ आहे, त्यांना या मापातून वगळू या."

"असे विभाग किती?" वहिनींनी विचारलं.

कुलगुरूंनी खिडकीबाहेर पाहिलं. "सध्या एकच."

"सर, त्या विभागाला सवलत द्यायची तर जरूर द्या. विषय टिकायला हवा, असं मलाही वाटतं. पण ती मंडळाने द्यावी, विभागाचं नाव घेऊन, कारण सांगून. माझ्या तक्त्यात तो लालच राहील. लाल असूनही ठेवला, असं म्हणायला काय हरकत आहे?"

"मंडळात नाव घेऊन म्हणायचं म्हणजे वादाला तोंड फोडणं."

"हो. वाद व्हावा म्हणूनच तर मंडळ आहे."

कुलगुरूंचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःहून पुढे केलेला हात वहिनींनी न धरता बाजूला सारला होता. जाता जाता वहिनींनी आणखी एक मागितलं: या एका उद्दिष्टाचं गणित दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा करून घ्या, माझं नातं आहे. वाणिज्य शाखेतल्या एका प्राध्यापकांनी ते पुन्हा केलं. उत्तर तेच आलं.

ही सवलतीची गोष्ट दादाला कळली, ती विद्यापीठातल्याच कुणाकडून तरी. मला ती दादाने सांगितली आणि मी वहिनींवर उखडले.

"वहिनी, समोरून आलेली सवलत होती! तुम्ही मागितली नव्हती, कुणाच्या पाया पडला नव्हता. गप्प बसायचं होतं फक्त."

"गप्प बसले असते तर तक्ता खोटा झाला असता."

"आणि घरचं माणूस?"

"घरचं माणूस आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा विभाग असता तर मी कदाचित एवढा विचारही केला नसता. सरळ नाही म्हटलं असतं."

दादा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त जेवताना विचारणं बंद केलं. पाणी हवं असलं तरी माझ्याकडे बघून सांगायचा, आणि तांब्या असायचा वहिनींच्या हाताशी. जेवण झालं की पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसायचा. वहिनी आपलं काम करत राहायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला काही बिनसलंय असं वाटलंही नसतं. मी त्या दोघांच्या मध्ये बसून जेवायचे आणि लवकर वर निघून जायचे.

मंडळाची बैठक झाली. वाद झाला नाही. विषय दुर्मिळ आहे, तो जपला पाहिजे, असं दोघा-तिघांनी म्हटलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि विभाग इतिहासात विलीन करायचं ठरलं. दादाची नोकरी जाणार नव्हती. विषयही राहणार होता, इतिहासातला एक पेपर म्हणून. दाराची पाटी तेवढी निघणार होती.

पुढचं मात्र त्या बैठकीत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, वहिनींच्याही. कंत्राटाची जागा विभागाच्या नावावर असते. विभागच नाही म्हटल्यावर जागाही नाही. वर्ष संपलं आणि छोट्या बाईंचं कंत्राट पुढे सरकलं नाही. वहिनींना हे कळलं तेव्हा छोट्या बाई कचेरीत खोलीची चावी जमा करत होत्या. संध्याकाळचा वर्ग त्या आठवड्यातच बंद पडला. परिचारिका, वकील, न्हावी, सगळे दोन-तीन संध्याकाळी कुलूपबंद दारापर्यंत येऊन परत गेले.

वहिनी कुलसचिवांकडे गेल्या. त्यांनी काखा वर केल्या. कुलगुरूंकडे गेल्या. ते म्हणाले, "मी सुचवलं होतं तेव्हा तुम्हीच..." आणि वाक्य अर्धवट सोडलं. मग वहिनी छोट्या बाईंच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं.

"मी म्हटलं, हे मी मोजलं नव्हतं. मोजायला हवं होतं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"त्या भांडी आवरत होत्या. खोली सोडायची होती. म्हणाल्या, तो कोपऱ्यातला खोका जरा धरता का."

"आणि?"

"धरला."

त्या वर्षी वहिनी पहिल्यांदाच ऑफिसातून लवकर घरी येऊ लागल्या. यायच्या आणि काही न करता खिडकीपाशी बसायच्या. एकदा मी दिवा लावला तर म्हणाल्या, "राहू दे ना." माझा त्यांच्यावरचा राग तोवर ओसरला होता. मीही शेजारी बसायचे आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. त्या ऐकायच्या की नाही, कोण जाणे.

नवा वार्षिक तक्ता तयार झाला. सातव्या उद्दिष्टाखाली सगळे विभाग हिरवे, क्वचित कुठे पिवळा; लाल एकही नाही. कुलगुरू खूश झाले. पाच वर्षांच्या आत पूर्ण झालेलं हे पहिलं उद्दिष्ट. मंडळापुढे ते आधी घ्यायचं ठरलं, पाठ थोपटून घ्यायला सोयीचं. वहिनींनी तक्त्याखाली एक ओळ घातली होती. कुलगुरूंनी ती वाचली आणि म्हणाले, "हे तळटीपेत चालेल, बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात घाला," वहिनी म्हणाल्या. "मी मोठ्याने वाचेन."

त्यांनी खरोखरच ती वाचली. मंडळाचे सगळे सभासद जमले होते, समोर पाण्याचे पेले, भिंतीवर हिरवागार तक्ता. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "हे उद्दिष्ट हिरवं झालं आहे. कारण एवढंच, की जो विभाग लाल होता तो आता नाही. तो सुधारलेला नाही. बाकीचे विभाग गेल्या वर्षी जिथे होते तिथेच आहेत."

 मंडळात एक निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे या उद्दिष्टात आपण काय साधलं?"

"एक रंग कमी केला," वहिनी म्हणाल्या.

कुणीतरी हसलं, आणि हसू नये हे लक्षात येऊन खोकलं.

मग वहिनींनी दोन गोष्टी मांडल्या. बंद झालेला किंवा विलीन झालेला विभाग पुढची तीन वर्षं तक्त्यात ठेवायचा. त्यातले शिक्षक कुठे गेले, विद्यार्थी कुठे गेले, काय बंद पडलं, हे लिहायचं. आणि विद्यापीठात येऊन शिकणारा माणूस पदवी न घेताही मोजायचा. "माप मी ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "ते चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. सुधारायची ही वेळ आहे. आता त्यात कुणाचा फायदा उरलेला नाही."

न्यायाधीशबाईंनी जोर लावला म्हणून पहिली गोष्ट मंजूर झाली. दुसरी समितीकडे गेली. बंद झालेला विभाग तक्त्यात परत आला, त्यामुळे सातवं उद्दिष्ट हिरव्यावरून पिवळं करावं लागलं. स्वतःच्याच अधिकाऱ्याने मागे ओढलेलं उद्दिष्ट त्या विद्यापीठात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. वहिनींची मुदत त्याच वर्षी संपत होती. ती वाढवायचा विषय कुणी काढला नाही.

बैठकीतलं हे सगळं दादाच्या कानावर गेलं. त्या दिवशी जेवताना बराच वेळ तो भात चिवडत होता. मग, माझ्याकडे न बघता, थेट वहिनींना म्हणाला, "तू बोललीस म्हणे आज."

"हो."

"माझ्यासाठी?"

"नाही."

दादाने मान वर केली. त्याच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी होतं, हसू म्हणण्याइतकं नाही. "बरं झालं," तो म्हणाला. "माझ्यासाठी बोलली असतीस तर मला फार राग आला असता. आधी का नाही बोललीस म्हणून."

वहिनींनी घास खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. दादाने तांब्या त्यांच्याकडे सरकवला. मी माझं ताट उचललं आणि वर निघून गेले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दादाला इतिहास विभागात जिन्याखालची खोली मिळाली. त्याच्या पेपरला मात्र इतिहासाची मुलं इतकी येऊ लागली की तो कुरकुरायला लागला: मला एवढ्या मुलांना शिकवता येत नाही, मागच्यांना दगडावरची अक्षरं दिसतच नाहीत. आकड्यांच्या हिशेबाने विलीनीकरण फळलं होतं. दादाने ते कधी कबूल केलं नाही आणि वहिनींनी कधी दाखवून दिलं नाही.

समितीने वर्षभराने संध्याकाळच्या वर्गाला मान्यता दिली. शिकवायला छोट्या बाईंना बोलवायचं ठरलं, पण त्या दुसऱ्या शहरातल्या एका वस्तुसंग्रहालयात लागल्या होत्या आणि त्यांनी यायला नकार दिला. मध्ये एकदा त्या माझ्या दुकानात आल्या होत्या. बारीक कामाने डोळे दुखत होते. मी नंबर तपासला, काचा बदलायला सांगितल्या. निघताना धीर करून विचारलं, "वहिनींवर राग आहे अजून?"

त्यांनी चष्म्याची दांडी कानामागे बसवून पाहिली. "होता. त्यांनी खोका धरला तेव्हा जरा कमी झाला. नंतर त्या मंडळात बोलल्या ते कळलं, तेव्हा पुन्हा वाढला."

"वाढला?"

"हो ना. त्यांना एवढं बोलता येत होतं, हे तेव्हा कळलं." मग त्या हसल्या. "आता तिथलं काम आवडतं मला. पण ते आवडतं म्हणून इथलं बरं झालं, असं मी म्हणणार नाही."

हे मी वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर म्हणाल्या." आणि पेपर तपासायला बसल्या.

त्या आता पूर्ण वेळ शिकवतात. त्यांच्या जागी आलेला अधिकारी हसतमुख आहे. गेल्या महिन्यात जेवायच्या वेळी त्याचा फोन आला. सोडून गेलेल्या लोकांचा माग काढायचा नियम अजून आहे, पण तो पाळायचा कसा हे त्याला उमगत नव्हतं. वहिनी फोन घेऊन बाल्कनीत गेल्या. "आधी त्यांच्या घरी जा," असं त्यांना सांगताना ऐकू आलं. "नाही, फोन नको. स्वतः जा." बोलणं लांबत गेलं. दादाने थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाला, "चल, आपण सुरुवात करू."